अहवाल कोणासाठी?

गोदावरीविषयी मत नाही असा मनुष्य नाशकात सापडणे कठीण. आणि गोदावरीविषयीचा एखादा शास्त्रीय अहवाल वाचलेला मनुष्य सापडणे त्याहून कठीण. या दुसऱ्या गोष्टीचा दोष लोकांच्या अनास्थेवर टाकण्याचा परिपाठ पडून गेला आहे. आमच्या मते हा दोष न वाचणाऱ्यांचा नसून लिहिणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक लिहवून घेणाऱ्यांचा आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ अन्वये आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. हेतू उत्तम आहे. परंतु सभागृहाच्या मेजावर ठेवणे निराळे आणि नागरिकांच्या हाती देणे निराळे. असा अहवाल मराठीत निघाला तरी काम भागत नाही. ‘बीओडी’चे ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ असे भाषांतर करून भाषांतरकार मोकळा होतो आणि वाचक तेथेच अडतो.

वस्तुतः गोष्ट सोपी आहे. पाण्यात मैला मिसळला की सूक्ष्म जीव तो खाऊ लागतात आणि ते करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. घाण जितकी अधिक तितका खर्च मोठा. तो पुरवठ्याहून वाढला की मासे गुदमरतात. पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सियस तापमानात तीन दिवस ठेवून हा खर्च मोजतात. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमहून कमी नसावा, असे मानक आहे. इतके सांगितले की रामकुंडावर स्नानास जाणारी वृद्धाही विचारील : ‘आमच्या घाटावरचा आकडा किती? आणि नमुना श्रावणातल्या वाहत्या पाण्याचा की वैशाखातल्या साचलेल्या?’ अहवाल दुर्बोध राहण्यात कोणाची सोय आहे, हे या प्रश्नावरूनच ध्यानात यावे.

दुसरा दोष तुकडेपणाचा. शहराखाली हीच नदी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरास जाते. तेथे कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी व बेटे झाली, पाणपक्षी येऊ लागले, आणि २०१९ साली ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. पण पाण्याची तपासणी एका खात्याकडे, पक्ष्यांची गणना दुसऱ्याकडे. नळावाटे वाहून गेलेले सांडपाणी आणि तेथील पाणवेली यांचा संबंध सामान्य वाचकाने आपल्या बुद्धीने जोडावा, अशी अपेक्षा दिसते!

लोकांपासून अहवाल दूर ठेवल्याचे फळ काय मिळते, हे सह्याद्रीने पाहिले आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा अहवाल सरकारला दिला. तो दडवून ठेवण्यात आला, आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर मे २०१२ मध्ये प्रकाशात आला. तो लोकभाषांत ग्रामसभांपुढे जावा, असे गाडगीळ सांगत राहिले. तसे झाले नाही; अहवालाआधी अफवा गावोगाव पोहोचल्या. पुढे संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आणि हरकतींस मुदत ६० दिवसांची. जे कोणी समजावून दिले नाही, त्यावर साठ दिवसांत हरकत घ्यावयाची ती कशी?

प्रतिपक्षाचे म्हणणे दोन प्रकारचे असते. मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, हा पहिला आक्षेप. ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात १९२८ साली निघाले. त्यानंतर हा आक्षेप घेणाऱ्याने आपलेच अज्ञान कबूल केले असे आम्ही समजतो. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : सुबोध करताना सत्य पातळ होते, आणि अर्धवट समजलेल्या आकड्याने घबराट माजते. हे भय खोटे नाही. परंतु त्यावरील उपाय मौन नव्हे. आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही सांगणे हा होय. नमुने किती, कोठले, केव्हाचे, आणि यावरून काय ठरत नाही, हे स्पष्ट लिहिणारा लेखक घबराट माजवीत नाही. घबराट माजते ती काहीच न सांगितल्याने.

म्हणून आमची सूचना अशी की, सुबोध आवृत्ती हे अहवाल संपल्यावर चिकटवावयाचे शेपूट नसावे. अहवालाचे काम देतानाच तिचा खर्च मंजूर व्हावा आणि तिच्यासाठी मराठी लेखक शास्त्रज्ञांबरोबर पहिल्या दिवसापासून नेमावा. नागरिकांचे प्रश्न आरंभी विचारून घ्यावेत व त्यांची उत्तरे द्यावीत. नकाशावर घाटांची, नाल्यांची व गावांची चालू नावे असावीत. गतवर्षीचा आकडा यंदाच्या आकड्याशेजारी छापावा. आणि हे पुस्तक हरकतींची मुदत सुरू होण्यापूर्वी शाळांत, ग्रामपंचायतींत व वाचनालयांत पोहोचावे. ज्या नगरीत १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेथे वाचकांचा तुटवडा पडेल हे आम्हांस संभवनीय वाटत नाही.

२०२७ सालच्या सिंहस्थ पर्वण्यांना लक्षावधी लोक या पाण्यात उतरणार म्हणून घाट, रस्ते आणि तंबू यांचा हिशेब मांडला जातो. ज्या पाण्यासाठी हे सर्व, त्याचाही हिशेब त्यांना समजेल अशा भाषेत मांडावा, इतकीच आमची मागणी आहे. श्रद्धेने बुडी मारणाऱ्यास पाणी कसे आहे हे जाणून घेण्याचा हक्क नाही, असे म्हणण्यास आम्ही तरी धजावत नाही.