पडद्यावरचा साहेब

टेलर स्विफ्टसारखी गायिका पाठीशी असूनही कमला हॅरिस हरल्या कशा? २०२४ च्या अमेरिकन निवडणुकीनंतर हा प्रश्न पुष्कळ जणींना पडला असेल. सप्टेंबरमध्ये टेलरने पाठिंबा जाहीर केला आणि तिने दिलेल्या लिंकवरून चोवीस तासांत चार लाखांहून जास्त लोकांनी मतदानाची सरकारी वेबसाइट उघडली. तरी नोव्हेंबरमध्ये जिंकले डोनाल्ड ट्रम्प. महागाईचा राग होताच, पण तेवढंच नाही.

ट्रम्पना तरी घरोघरी कुणी पोचवलं? टीव्हीनेच! २००४ साली 'द अप्रेंटिस' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात ते मोठ्या खुर्चीत बसून उमेदवारांना 'तुला कामावरून काढलं' असं सुनावत. कसा रुबाबदार, यशस्वी साहेब! गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांच्या कॅसिनो कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पण बातमी येते नि जाते, कार्यक्रम मात्र दर आठवड्याला. लोकांच्या मनात ठसला तो खुर्चीतला साहेबच.

उसन्या प्रसिद्धीने गर्दी जमते, मत मिळेलच असं नाही. वर्षानुवर्षं दिवाणखान्यात दिसणारा चेहरा मात्र घरचाच वाटू लागतो, आणि घरच्या माणसाला आपण प्रश्न विचारत नाही. धोका आहे तो इथे.

मैत्रिणींनो, मुलीला स्थळ आलं की फोटो कितीही छान असो, आपण चार ठिकाणी चौकशी करतोच ना? मग मत देतानाच ती का विसरावी?