गाडी चालवतो एक, परवाना दुसऱ्याचा

मे-जूनमध्ये भारतातून पाहुणे आले की मी त्यांना न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सहून मॅनहॅटनला फिरायला नेते. निळ्या-पिवळ्या छत्रीखालची हॉट डॉगची गाडी दिसली, की पहिला प्रश्न मांसाचा. इथल्या गाड्यांवरचं सॉसेज बहुतेक गोमांसाचं असतं. ज्यांना चालत नाही, त्यांनी जाड मिठाचा प्रेत्झेल खावा.

मग स्वच्छता. पाण्यात तरंगणारी सॉसेजेस बघून अनेकजण नाक मुरडतात. ती कारखान्यातून शिजूनच येतात. गाडीवर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवायची, असा आरोग्य खात्याचा नियम आहे. गाडीवर ए, बी, सी अशी श्रेणी लावलेली असते, ती बघावी. दरपत्रक लावणंही सक्तीचं आहे. ते नसेल तर सरळ पुढची गाडी गाठावी.

यंदा भाच्याने वेगळंच विचारलं, "मावशी, अशी गाडी टाकायला खर्च किती येतो गं?" खरा प्रश्न हाच आहे.

विक्रेत्याचा स्वतःचा परवाना प्रशिक्षण घेऊन मिळतो. गाडीचा परवाना मात्र वेगळा, आणि अशा परवान्यांची संख्या शहराने १९८३ मध्ये सुमारे ३,००० वर गोठवली. सरकारी फी दोन वर्षांना २०० डॉलरपर्यंत. पण जुने परवानाधारक तो सोडत नाहीत, चोरून भाड्याने देतात, आणि दोन वर्षांचं हे भाडं २०,००० डॉलरच्याही वर जातं. माझ्या ऑफिसखालचे बांगलादेशी काका पहाटे डेपोतून गाडी ढकलत आणतात, थंडीत दहा-दहा तास उभे राहतात, आणि कमाईचा मोठा वाटा अशा माणसाला देतात ज्याने त्या गाडीला कधी हातही लावलेला नाही. मला याचा संताप येतो. (बागांमधल्या जागांचा तर लिलावच होतो. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका गाडीची बोली वर्षाला २,८९,५०० डॉलरवर गेली होती!)

पूर्वी असं नव्हतं. नेथन हँडवर्कर या पोलिश ज्यू स्थलांतरिताने १९१६ मध्ये कोनी आयलंडला ५ सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली, आणि त्यातून 'नेथन्स' ही हॉट डॉगची साखळी उभी राहिली. आजचा नवखा विक्रेता भाडं भरण्यातच संपतो.

२०२१ च्या कायद्याने दहा वर्षांत ४,००० नवे परवाने देण्याचं ठरवलं. परवानाधारकाने स्वतः गाडीवर हजर राहायचं, ही त्यातली अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण चोरट्या भाड्याचं मूळ तिनेच तुटेल. पण दहा वर्षं फार झाली. संख्येची मर्यादाच काढून टाकावी. स्वच्छतेचे नियम हवे तेवढे कडक ठेवा. तुमची मुलं, पुतणे, भाच्या न्यूयॉर्क शहरात मतदार असतील, तर आपल्या सिटी कौन्सिल सदस्याला हे कळवायला त्यांना जरूर सांगा.