बचतीचे दुर्लक्षित अंग

ऊर्जाबचत म्हटली की नव्या वस्तूंची खरेदीच डोळ्यांपुढे येते. जुना दिवा काढून एलईडी लावावा, कमी विजेवर चालणारा पंखा घ्यावा, असा उपदेश सर्वत्र होतो. तो चुकीचा नाही. रोज पाच तास जळणारा 60 वॅटचा दिवा महिन्याला 9 युनिट वीज घेतो. 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. परंतु खरेदीने सुरू झालेली बचत टिकते ती दुरुस्तीने, आणि सरकारी योजनांत या अंगाचा विचार क्वचितच आढळतो.

नंदुरबार जिल्ह्यात ही उणीव विशेष जाणवते. मंदावलेल्या पंख्याचा कपॅसिटर किंवा कुकरची झिजलेली रिंग शहाद्याच्या बाजारात सहज बदलून मिळते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरावरच्या पाड्यातून याच कामासाठी खाली उतरायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळा. साहजिकच बिघडलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते. सौरदिव्याचे पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकू शकते. बॅटरी मात्र काही वर्षांतच थकते. ती न बदलल्यास धडधाकट पॅनेलही निरुपयोगी ठरते आणि घर पुन्हा अंधारात जाते.

हा अनुभव नवा नाही. 1983 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी अनेक देखभालीअभावी मोडल्या, गृहिणी जुन्या चुलीकडे वळल्या आणि 2002 मध्ये केंद्राने तो कार्यक्रम आवरला. जुनी चूल धूर करते, सरपणही अधिक खाते. तरी ती टिकून राहिली, कारण तडा गेल्यास ती लिंपण्याची माती आणि कसब दोन्ही घरातच होते.

कसब गावात रुजविता येते, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे 2003 मध्ये ग्रामस्थांनी केरळमधील तंत्रज्ञांच्या मार्गदर्शनाने व स्वतःच्या श्रमदानाने 15 किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. 2006 च्या पुराने तो हिरावून नेला. पण यंत्र हाताळणे ही शहरी माणसाची मक्तेदारी नव्हे, हा त्याचा धडा पुरात वाहून जाण्यासारखा नाही.

कोणताही कारखानदार यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद केल्याशिवाय नफा मोजत नाही. कल्याणकारी योजना मात्र वस्तू वाटल्याच्या दिवशीच हिशेब मिटवितात. बाजारपेठ ही उणीव आपोआप भरून काढील, असे मानणेही भाबडेपणाचे होईल. विखुरलेल्या पाड्यांतील तुटपुंज्या मागणीवर कोणाही कारागिराचे दुकान चालणार नाही. तेथे प्रारंभीचा आधार सार्वजनिक निधीनेच द्यावयास हवा. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याची तरतूद झाली. ग्रामसभांनी त्यातील अल्प भाग सुट्या भागांच्या साठ्यासाठी राखावा, आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येक गावातील एका तरुणास किंवा तरुणीस तारजोडणी, दिवे, पंखे व बॅटरी यांच्या सुरक्षित दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. किती दिवे वाटले यापेक्षा तीन वर्षांनंतर किती जळत आहेत, हाच ऊर्जाबचतीचा खरा निकष होय.