संगणक म्हातारा होत नाही हो!



महिनाभर इथे काही टंकलं नाही, त्याला कारण आमचा संगणक. सकाळी बटण दाबायचं, चहा ठेवायचा, तो पिऊन व्हायचा, अर्धा पेपर वाचून व्हायचा, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. बोट हळू चालत असेल, क्लिक दोनदा पडत असेल. (आम्हा सत्तरीतल्यांचा हा रोगच आहे. यंत्र अडलं की आधी स्वतःवर शंका.)

शेवटी डबा उचलून नागपूरला एका दुकानात नेला. तिथल्या पोराने तो न उघडताच निकाल दिला, "सर, मशीन म्हातारं झालं ना जी. नवीनच घेऊन घ्या." आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की नुसत्या उत्तराला मार्क नाहीत, रीत दाखवा. याला रीत विचारली तर हसला. डबा परत रिक्षात घातला आणि कोराडीला आणला.

तर माझं म्हणणं असं, की संगणक म्हातारा होत नाही. प्रोसेसर पहिल्या दिवशी ज्या वेगाने बेरजा करत होता, त्याच वेगाने आजही करतो. (आत धूळ साचून तापला तर मंदावतो, ते वेगळं. ती मी ब्रशने काढली.) वाढत जातं ते त्याच्या पाठीवरचं ओझं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. मी फक्त वर्ड उघडलं होतं, आणि यादीत शंभराच्या वर नावं! 'सर्व्हिस होस्ट' नावाचेच ढीगभर. घाबरू नका, ती विंडोजची आपलीच माणसं. पूर्वी एका खोलीत अनेक जण कोंबलेले असत. २०१७ पासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असेल तर, बहुतेकांना स्वतंत्र खोली मिळते, म्हणून यादी लांब दिसते इतकंच. आमच्या भाच्याने फोनवर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' शोधून काढली. "मामा, हीच चोर! नव्वद टक्के खातेय!" अरे बाबा, आयडल म्हणजे रिकामा. प्रोसेसर नव्वद टक्के वेळ हातावर हात ठेवून बसलाय, असा त्याचा अर्थ.

मग अडत होतं कुठे? शेजारच्या रकान्यात. डिस्क, १०० टक्के. जुन्या फिरत्या हार्डडिस्कची वाचायची सुई एका वेळी एकाच जागी जाऊ शकते. शाळेत शिपाई एक, आणि हेडमास्तर, क्लार्क, स्टाफरूम, सगळ्यांनी एकदम घंटा वाजवली तर काय होईल? इथे तेच. व्हायरस तपासणारा फायली उघडून पाहतोय, शोधसूची बनवणारा त्याच फायली चाळतोय, अपडेट उतरतोय, 'सिसमेन' पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच आणून ठेवतोय. आणि मी आपला वर्ड उघडायची वाट बघतोय!

पडद्यामागच्या कामाला माझा विरोध नाही. मी राहतो ते कोराडीत. इथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा दळायच्या चक्क्या, पंखे, पंप हे सगळं चालवायला वीज केंद्राला स्वतःलाच वीज लागते. कोळशावरच्या केंद्रात साधारण शेकडा पाच ते आठ युनिटं अशी घरच्या घरीच जातात. त्याला ऑक्झिलरी म्हणतात. पण तिचं मीटर असतं, हिशेब असतो, आणि ती जास्त झाली तर कुणीतरी जाब विचारतो.

माझ्या संगणकात मात्र प्रिंटरचा मदतनीस बसला होता. प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला! लॉकडाऊनमध्ये नातवाशी बोलायला घातलेला व्हिडिओचा प्रोग्राम रोज सकाळी माझ्याआधी उठत होता. गाण्यांचा एक, कुणाकुणाचे 'अपडेटर' तीन. लग्नाला आलेले पाहुणे वर्षश्राद्धापर्यंत मुक्कामाला! यातल्या एकाने तरी "रोज आपोआप सुरू होऊ का?" असं सरळ विचारलं होतं का? अटींच्या पानांत लिहिलेलं असतं म्हणतात. इंग्रजीत, बारीक टायपात, चाळीस पानं. याला विचारणं म्हणत नाहीत. माझी मागणी साधी आहे. विचारा, मराठीत विचारा, आणि मी उत्तर देईपर्यंत गप्प बसा.

एक मान्य करतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर ११ चढत नाही. दुकानदाराने हे कारण दिलं असतं तर ऐकून घेतलं असतं. माझ्यात ११च आहे. तो मुद्दाच नव्हता.

असो. 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जाऊन आठ नावं बंद केली. व्हायरसवाल्याला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. मग कॉलनीतल्या एका पोराकडून फिरती डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. आता चहाला उकळी येण्याआधी संगणक तयार असतो.

ज्यांना "मशीन म्हातारं झालं" असं सांगितलं गेलंय, त्यांनी डिस्कचा रकाना किती दाखवतो तेवढं मला कळवा. वसूताई, तू आधी. आणि तोवर तो भंगारवाल्याला देऊ नकोस.