ग्रंथपालाच्या हाती दहा ओळी

उंब्रजसारख्या कृष्णाकाठच्या गावातील ग्रंथपालाने संगणकाची भाषा शिकावी, असे म्हटले की मंडळी हसतात. १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. पण ग्रंथपालाचा पगार तुटपुंजाच राहिला. त्याच्या डोक्यावर हे नवे ओझे कशाला? पगार वाढलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ही विद्या ओझे नव्हे, ओझे उतरवणारी आहे.

माझी हयात बँकेत गेली. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये यंत्रे आली. पण हवी तशी यादी काढायची म्हटली, की बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागे. तिजोरी आमची, किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

ग्रंथालयांचे आज तेच होते आहे. दाखल नोंदवही संगणकात जाते, पण ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘देशपांडे पु. ल.’ हे संगणकाला तीन निराळे लेखक वाटतात. कपाटात पंधरा पुस्तके असून वाचकाला पाचच दिसतात. हा घोळ ग्रंथपालाला चटकन उमगतो, आणि पायथॉन भाषेतील दहा-पंधरा ओळींत तो निस्तरता येतो. १९९१ मध्ये आलेली ही भाषा फुकट मिळते, नवशिक्यालाही जमते. तिच्या आज्ञा इंग्रजीत असल्या, तरी देवनागरी मजकूर तिला चालतो.

डॉ. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले; त्याआधी ते गणित शिकवीत. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतील एक. मग पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके कोणती? देवघेवीच्या नोंदी संगणकात असतील, तर ही यादी क्षणात निघते. प्रश्न मात्र ग्रंथपालालाच सुचावा लागतो.

न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० ओलांडू शकणार नव्हती. तेथील न्यासाने एका कंपनीकडून नवी करवून घेतली आणि जगाला मोफत देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’, म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्या देशातही ती अनेक ग्रंथालयांत वापरात आहे.

ग्रंथपालाने अभियंता व्हावे, असे कोणी म्हणत नाही. प्रशिक्षणात चार रविवार यासाठी राखावेत. महाविद्यालयांतील संगणक त्या दिवशी रिकामेच असतात, शिकवायला गावचीच शिकलेली मुले मिळतील. पहिला धडा सोपा ठेवावा : पु. लं.ची सारी पुस्तके एका नावाखाली आणायची.