इंग्रजीचा पहिला खर्डा वहीतच

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांपुढे एकेका तुकडीच्या पन्नास-साठ वह्या असतात. प्रत्येक निबंधात चूक कुठे आणि का हे लिहून द्यायचे, तर आठवडा जातो. म्हणून बहुतेक वह्यांत लाल रेघ, सही आणि तारीख एवढेच उरते. डिजिटल साधनांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. ग्रामरली चूक लगेच दाखवते, तीही चारचौघांत नाही. गुगल डॉक्समध्ये आधीचे खर्डे राहतात, त्यामुळे लेखन कसे बदलत गेले हेही शिक्षकांना पाहता येते.

मात्र चूक सुधारली म्हणजे ती कळली असे होत नाही. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मूल ‘माय फादर इज टीचर’ लिहिते. साधन मधला ‘अ’ सुचवते, मूल बोट लावून मोकळे होते आणि परीक्षेत पुन्हा तेच लिहिते. दहावीची 80 गुणांची लेखी परीक्षा अजून पेनानेच द्यायची आहे. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा वडिलांसोबत कामावर गेलेला असतो.

दुसरीकडे, चॅटजीपीटीने मुलांना आयते लिहायची सवय लावली, हा आक्षेप पुरता प्रामाणिक नाही. गाइडमधला निबंध पाठ करून उतरवण्याची रीत कितीतरी जुनी आहे, आणि आपण तिला अभ्यास म्हणत आलो. सरसकट बंदीही टिकत नाही: न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी 2023 मध्ये चॅटजीपीटी अडवले आणि मे महिन्यात माघार घेतली. तरीही गाइड आणि चॅटजीपीटी यांत फरक आहे. गाइडमधला निबंध सगळ्या वर्गाचा एकच, म्हणून शिक्षकांना ओळखू येई. यंत्र प्रत्येकाला वेगळा देते.

दोन्ही बाजू ऐकल्यावर आमचा कल मर्यादित वापराकडे आहे. पहिला खर्डा वर्गात, वहीत, हाताने व्हावा. मोडकातोडका असला तरी चालेल. साधन दुसऱ्या खर्ड्याला यावे. त्याने चूक दाखवावी, दुरुस्ती मुलाने करावी आणि कारण शेजारी मराठीत लिहावे. यात वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. म्हणून शिक्षण खात्याने टॅब वाटण्याआधी तुकडीची पटसंख्या कमी करावी.