धर्माच्या रकान्यात काय लिहिणार?

जिल्हा अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. आम्हा कर्जतकरांच्या कागदांवर नवं नाव आलं, पण धर्माच्या रकान्यात आमचीच कितीतरी घरं अजून ‘हिंदू’ लिहितात. का, तर सवलत जाईल! ही भीती कधीच शिळी झाली. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. जात महार, धर्म बौद्ध, हे एकत्र चालतं. जात तिथे फक्त हक्काच्या हिशेबापुरती. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आणि कागदावर जुनाच धर्म, अशाने माणूस वाढायचा कसा? २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारात येईल, तेव्हा शिकलेल्या पोरापोरींनी पुढे व्हावं, ‘बौद्ध’ सांगावं आणि त्याने काय टिपलं ते बघूनच त्याला पुढच्या घरी जाऊ द्यावं.